जाळीतलं एक पान

ते प्रकरण आजही डोळ्यांपुढे येतं, आणि नवल म्हणजे त्यात आधी माणसं दिसत नाहीत. आधी दिसतं लोखंडाचं एक पान, केळीचं, शिरांसकट घडवलेलं. मग धुकं, मग केळीच्या बागा, आणि सगळ्यात शेवटी मी स्वतः, खाकीतला, तावातावानं बोलणारा. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ते सगळे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे मात्र जसंच्या तसं आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी सावद्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. थंडीचे दिवस होते. सकाळी ओट्यावर हजेरी घेताना समोरचा रस्ता दिसत नसे, केळीच्या गाड्यांचा नुसता आवाज येई. अशाच एका सकाळी केळीच्या एका बड्या व्यापाऱ्याचा धाकटा मुलगा तक्रार घेऊन आला. त्याची बायको आदल्या दुपारपासून नाहीशी झाली होती. खोलीला बाहेरून कुलूप, ते शाबूत. खिडकीला लोखंडी जाळी, तीही शाबूत. कपाटातले दागिने गेले होते. कोणीतरी तिला फूस लावून पळवलं, असं त्याचं म्हणणं.

बायकोच्या खोलीला बाहेरून कुलूप कशासाठी, असं मी विचारलं. बाहेर जाताना मीच लावतो, तिला सारखं माहेर आठवतं, असं तो म्हणाला. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मीही तितक्याच सहज लिहून घेतलं. त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

पंचनाम्याला गेलो. गावाबाहेर नवा बंगला, मागे लगेच बाग. खिडक्यांच्या जाळ्या मात्र पाहत राहाव्यात अशा होत्या. उभे गज, त्यांवर चढत गेलेली लोखंडी केळीची पानं, मध्येच एखादं केळफूल. वेल्डिंगचा कुठं डाग नाही, सगळे सांधे ठोकून बसवलेल्या रिबिटांचे. माझे हवालदार जाळीला अक्षरशः लोंबकळले, पण ती हलली नाही. ते जुन्या वळणाचे. हळूच म्हणाले, साहेब, भानामतीचा प्रकार दिसतो. मी त्यांना झापलं. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत काही वेळ मलाही तसंच वाटलं होतं. जाळीतून येणाऱ्या उन्हानं फरशीवर पानांच्या सावल्या पाडल्या होत्या, वारा नसतानाही त्या हलल्यासारख्या वाटत होत्या. ती पोर या उन्हाबरोबरच बाहेर गेली असावी, असा वेडा विचार मनात आला. दारात व्यापाऱ्याची बायको उभी होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहरा कोरा. सारं गाव तिला अक्का म्हणे. मी काही विचारलं की ती नुसती मान हलवायची.

तिसऱ्या दिवशी खबर लागली. माझा एक खबरी हायवेवर चहाची टपरी चालवायचा. त्यानं सांगितलं की त्या जाळ्या नशिराबादच्या एका लोहारानं केल्या आहेत, आणि त्या लोहाराची एक खोड आहे. जाळी बसवून झाली की तो त्या घरातल्या बाईशी बाजूला जाऊन काहीतरी बोलतो. एका घरी नाही, प्रत्येक घरी. बंगल्यावर तर काम संपल्यानंतरही तो एकदा येऊन गेला होता.

मला वाटलं, सापडला. घरोघर फिरणारा कारागीर, बायकांकडून गोड बोलून माहिती काढणारा, जाळीचं गुपित फक्त त्याला ठाऊक. सगळं कसं चपखल बसत होतं. इतकं चपखल बसलेलं प्रकरण दोनदा तपासावं, हे तेव्हा कळत नव्हतं. तिथल्या ठाण्याला कळवून मी त्याला चौकशीला आणून बसवलं.

मूळचा धुळ्याकडचा, पन्नाशीचा माणूस. लोक त्याला नाना म्हणत. अंगानं किरकोळ, पण मनगटं पाहिली तर दुसऱ्याच कोणाची वाटावीत. जाळीची सगळी माहिती त्यानं न अडखळता दिली. कोळसा कुठून आणतो, गरम लोखंडावर जवसाचं तेल का लावतो, गिऱ्हाइकाला नक्षी कशी ठरवून देतो, सगळं. ज्याच्या शेतात जे पिकतं तेच त्याच्या खिडकीवर असावं, असा त्याचा आग्रह. कुणाला केळी, कुणाला कापसाची बोंडं. पण बायकांशी काय बोलतोस, असं विचारलं की तोंड मिटायचं. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला. हवालदारांनी चौदावं रत्न दाखवू का, असं विचारलं. मी नको म्हटलं. त्यात दयामाया नव्हती. त्या हातांना काही झालं तर तशी पानं पुन्हा होणार नाहीत, एवढंच मनात आलं.

दोन दिवस मी त्याला अटक न दाखवता बसवून ठेवला. ते कायद्यात बसत नव्हतं, हे आज लिहितो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पहिल्यांदा आपण होऊन बोलला.

"साहेब, मी एक सबद बोलनू तं बठ्ठी घरं बंद व्हई जातीन. माले कोंडी ठेवा. पन मी सांगाव नही."

एका शब्दानं सगळी घरं बंद होतील, याचा अर्थ मला लागला नाही. पण खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवायला बोलतो, आणि हा तर स्वतःलाच कोंडायला सांगत होता. मी अस्वस्थ झालो. पुढच्या सकाळी त्याच्या दुकानाची झडती घ्यायला स्वतः नशिराबादला गेलो.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. पाटी नाही, नमुना म्हणून मोराचं एक फाटक बाहेर टांगलेलं. मला वाटलं होतं कुलूप असेल, पण भट्टी पेटलेली होती. त्याची बायको एकटीच भाता ओढत बसली होती. मला पाहूनही तिनं हात थांबवला नाही. गिऱ्हाईक तुटलं तर पुन्हा येत नाही, हल्ली सगळे वेल्डिंगवाल्याकडे जातात, एवढंच म्हणाली. मी झडती घेतली. सोनं सोडाच, नाकातली पितळेची फुलीसुद्धा निघाली नाही. जमिनीवर खडूनं काढलेली नक्षी, कोपऱ्यात ऐरण, पाण्याची कोठी. मी लाकडी ठोकळ्यावर बसलो. भात्याचा आवाज एका लयीत येत होता, निखारा फुलायचा आणि मिटायचा. धुक्यातून ऊन आत आलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पोलिसाच्या नशिबात असा रिकामा वेळ फार येत नाही. शेवटी तीच बोलली.

"तो सांगाव नही, साहेब. जीव गया तरी सांगाव नही. मी दखाडस."

भिंतीला टेकवलेली अर्धवट जाळी तिनं पुढे ओढली. वेलीवरचं एक पान दाबून उजवीकडे फिरवलं. आतून बारीक खट्‌ असा आवाज आला आणि चार गजांचा एक तुकडा दारासारखा बाहेर झुकला. माणूस सहज निघावा एवढी जागा. तिनं तो बाहेरून ढकलला, तो आपोआप बसला. मी जाळीवर बोटं फिरवली, सांधा सापडेना. हे फक्त आतून उघडतं, असं तिनं सांगितलं.

मग तिनं नानाच्या बहिणीची गोष्ट सांगितली. ती सासरी जळून मेली होती. दाराला कडी, आणि खिडकीला तिच्या बापानं, म्हणजे नानाच्याच बापानं, लग्नात हौसेनं करून दिलेली मजबूत जाळी. लोक बाहेरून गज ओढत राहिले. ती जाळी कापायला नानालाच बोलावलं होतं, तो पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक जाळीत एक पान असं असतं. जाळी चोरासाठी आहे, घरच्या बाईसाठी नाही, असं तो म्हणतो. कुठलं पान ते घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला सांगतो, ती घरी नसली तर मुद्दाम पुन्हा जाऊन. पुरुषाला कधीच नाही.

पोलीस मनुष्य, हे ऐकतानाही डोकं चालूच होतं. मी तिला पुन्हा विचारलं, मोठ्या बाईलाच ना? सुनेला नाही? ती म्हणाली, नाही, नेहमी मोठीलाच.

म्हणजे नानानं त्या मुलीला काहीच सांगितलं नव्हतं.

मी थेट बंगल्यावर गेलो. पुरुष बागेत गेले होते. पुन्हा पंचनामा करायचा आहे असं सांगून हवालदारांना अंगणात ठेवलं आणि सुनेच्या खोलीतली पानं एकेक दाबून पाहिली. चौथं पान फिरलं. ते इतर पानांसारखंच काळंभोर होतं, मागच्या बाजूला नुकता उठलेला एक बारीक ओरखडा तेवढा होता. एकदाच वापरलेलं. मग काय सुचलं कुणास ठाऊक, मी अक्काच्या खोलीत गेलो. तिच्या खिडकीवर, बसल्यावर हात पोहोचेल अशा उंचीवर, एक पान होतं. त्याचा काळा रंग पार उडाला होता. आतलं लोखंड देवघरातल्या भांड्यासारखं चकचकीत झालं होतं.

मागे किल्ल्या वाजल्या. अक्का आली होती. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिचा हात सवयीनं त्या पानावर गेला.

"मीच सांगलं तिले. चार दिस झाले ती जेवत नव्हती, अंगावर वळ व्हते. मले बी जाता आलं असतं कव्हाबी. पन या वयात कुठी जाऊ? रोज हात ठेवून बसायची. उघडतं हे माहीत व्हतं, म्हनून राह्यली मी."

एवढं बोलून तिनं कपाट उघडलं. सगळे दागिने जागच्या जागी होते. तक्रार जड व्हावी म्हणून मुलानं ते गेले असं लिहून दिलं होतं. सून पिंपळनेरला तिच्या मावशीकडे आहे, हेही अक्कानंच सांगितलं. मग तिनं मला विचारलं की आता तुम्ही हे कागदावर लिहिणार का.

मी कागदाला मानणारा माणूस. पंचनाम्यात पाहिलं ते लिहायचं, गाळायचं नाही, हे मी शिपायांना ओरडून शिकवत आलो होतो. पण हे लिहिलं की प्रत कोर्टात जाणार, कोर्टातून गावात, आणि दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत ते एक पान वेल्डिंग करून पक्कं होणार. नाना म्हणाला होता ते हेच. जीपमध्ये बसून मी बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिलो. हवालदारांनी, काय सापडलं साहेब, असं विचारलं. काही नाही, म्हणालो.

पिंपळनेरला मुलगी भेटली. सज्ञान होती. मावशीला शेजारी बसवून जबाब घेतला. मी स्वखुशीने घर सोडलं, कोणी पळवलं नाही, मला परत जायचं नाही, एवढं तिनं स्वच्छ सांगितलं. नवऱ्याविरुद्ध तक्रार दे म्हणून मी तिला परोपरीनं सांगितलं. तिनं दिली नाही. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. कशी बाहेर पडलीस, हा प्रश्न मी तिला विचारलाच नाही, त्यामुळे त्याचं उत्तर जबाबात आलं नाही. गैरसमजातून झालेली तक्रार म्हणून अहवाल वर पाठवला. वरच्या साहेबांनी विचारलं, अहो पण बाई निघाली कशी? गुन्हाच घडलेला नाही तर वाट कशाला शोधायची साहेब, असं मी म्हटलं. ते हसले. व्यापाऱ्यानं मात्र मुलालाच फैलावर घेतलं, कुलूप लावायला विसरला असशील म्हणून. शेवटी शेवटी तर त्या मुलालाही तसंच वाटायला लागलं.

नानाला मी बंगल्यावरून परतताच सोडलं होतं. तेव्हा माफी मागायला हवी होती. मागितली नाही, तेवढा मोठा मी नव्हतो. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "जाळी तोडी का, साहेब?" मी नाही म्हटलं. त्यानं हात जोडले आणि एसटी पकडायला गेला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, हे मी बरीच वर्षं सगळ्यांना रुबाबात सांगत असे. खबर खरी असली तरी तिचा अर्थ खोटा असू शकतो, असं काहीतरी. खरा धडा पुढे मिळाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झालो, धुळ्याला घर बांधलं आणि जाळ्यांसाठी नानालाच निरोप पाठवला. तो आता थकला होता, पण स्वतः माप घ्यायला आला. माझ्या शेतात काहीच पिकत नव्हतं, तेव्हा अंगणातल्या जाईची वेल घडवली. जाळ्या बसवून झाल्या, त्यानं हात धुतले आणि माझ्या बायकोला शोधत विचारलं, "बाईसाहेब कोठे शेतस?"

मला एकदम राग आला. माझ्या घरात, माझ्या बायकोला, याची काय गरज? शब्द अगदी ओठांवर आले होते. आणि तेव्हाच लक्षात आलं की सावद्याचा तो व्यापारीसुद्धा हेच म्हणाला असता, तेही अगदी मनापासून. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आत ते दोघं चहा होईपर्यंत बोलत होते.

मला वाटलं, कुठलं पान ते संध्याकाळी ती हसत हसत सांगेल. तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. फक्त त्या दिवसापासून मी घरात हळू बोलायला लागलो.