लिलीचं पहिलं पिल्लू

जीप सुरू झाली होती, बॅगा टपावर दोरीनं बांधून झाल्या होत्या, आमचे हे पुढच्या सीटवर घड्याळ बघत बसले होते, आणि आई मात्र खुरपं घेऊन अंगणात उकिडवी बसलेली. मी खिडकीतून ओरडले, "अगं आई, गाडी चुकेल!" तिनं मान वर न करताच सांगितलं, "थांबती गं रेल्वे. माझा बाप लासूर स्टेशनला पॉइंट्समन होता, मला नको शिकवू." मग तिनं एक लिलीचा कांदा उपटला, माती झटकली, पेपरात गुंडाळला आणि खिडकीतून माझ्या मांडीवर टाकला. "कोरडाच ने. लावताना मान मातीबाहेर राहू दे. आणि पहिलं पिल्लू मला परत आणायचं, सांगून ठेवते."

छावणी भागातलं घर मी असं सोडलं. आधी मुंबई, तिथून शारजा. त्या वेळी तिकिटावर औरंगाबाद लिहिलेलं होतं, आता संभाजीनगर असतं. कांदा मी बुटात कोंबून नेला. साड्या नीट घडी घालून ठेवल्या होत्या, त्यांच्यात मातीचा कांदा कशाला, म्हणून बुटात. त्याचीच आज मला जास्त चीड येते.

ही लिली आईच्या माहेरची. लासूर स्टेशनच्या फलाटावर पूर्वी एक वाफा होता, त्यातला कांदा तिच्या बापानं तिला लग्नात दिला. पांढरं फूल, प्रत्येक पाकळीवर मधोमध एक लाल रेघ. चैत्रात फुलते, त्या वेळी पान एखाददुसरंच असतं, नुसता दांडा आणि वर चार फुलं. दिवाळी झाली की आई पाणी तोडायची, पानं वाळू द्यायची. संक्रांतीनंतर कांदे उकरून काढायची आणि त्यांच्या बुडाशी आलेले बारके कांदे, म्हणजे पिल्लं, अलगद मोडून वेगळी लावायची. बी धरू द्यायची नाही. "बियातनं उगवलेली कोणावर जाईल सांगता येत नाय, पिल्लू मात्र हुबेहूब येतं," असं तिचं म्हणणं.

आमच्या गल्लीत त्याचा एक कायदाच होता. लिली कुणी मागायची नाही. गल्लीतली पोरगी बाहेरगावी निघाली की तिला एक कांदा द्यायचा, आणि तिच्याकडं त्याला पहिलं पिल्लू झालं की ते तिनं माहेरी आणून लावायचं. एका घरची मेली तरी दुसऱ्या घरी राहावी, एवढाच त्यातला हिशोब. शेजारच्या रझिया खालाची पोरगी परभणीहून एसटीत मांडीवर डबा घेऊन आली होती पिल्लू परत करायला. दोन्ही घरांत त्या दिवशी शिरा झाला.

मी काय केलं? शारजात सातव्या मजल्यावर बाल्कनी. मे महिन्यात तिथली रेलिंग हातानं धरवत नाही. मला वाटलं, कांदा भाजून जाईल. म्हणून खोल पुरला, मानेच्या वर चार बोटं माती, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. आईनं एकच गोष्ट सांगितली होती, आणि मी शहाणी, मला जास्त कळतं! महिन्याभरात कुबट वास यायला लागला. बोट घालून पाहिलं तर आत नुसता चिखल. इमारतीच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, सांगून कुंडी खाली नेऊन टाकली आणि नाकाला पदर लावून फिनेलनं बाल्कनी धुतली.

सांगायचं ना फोनवर! दोन शिव्या बसल्या असत्या, पुढच्या खेपेला दुसरा कांदा मिळाला असता. पण त्या दिवाळीत फोनवर घरचे सगळे जमलेले, तिकडं स्पीकर लावलेला, आणि आईनं विचारलं, "फुलली का गं?" मी ताडकन बोलून गेले, "हो, फुलली की! चार फुलं आली." मग आई म्हणाली, "बरं झालं. मान बाहेर ठेव."

त्यानंतर अकरा वर्षं मी तेच चालवलं. दर सुट्टीत पिल्लू का आणलं नाही याचं कारण तयार. एअरपोर्टवर अडवतात. अजून पिल्लूच धरलं नाही. धरलं, पण प्रवासात मरेल. जे माझ्यासारखे गेलेत त्यांना हे बरोबर ठाऊक आहे, उगाच साळसूद होऊ नका. आपण सगळेच फोनवर फुलवतो. घर मोठं आहे, पोरं मराठी बोलतात, तब्येत एकदम ठीक. आणि मागं राहिलेल्यांनो, तुम्हीही कमी नाही. तुम्हाला कळतं आणि तुम्ही "बरं झालं" म्हणता.

आई गेली ती संक्रांतीनंतर आठवड्यानं. मी आले तेव्हा अंगणात नुसती कोरडी माती होती, कांदे खाली झोपलेले. त्या वर्षी ते उकरायचे राहिले. मी परत गेले आणि मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी चैत्रात यायचं, फुलं डोळ्यांनी बघायची, एक कांदा गुपचूप न्यायचा आणि आयुष्यात एकदा तरी पिल्लू परत आणून लावायचं.

या चैत्रात आले. फाटक उघडलं तर अंगणभर लाल-करडे गट्टू. सिमेंटचे ठोकळे. कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, बोटभर माती शिल्लक नाही, आणि वर माझ्या भावाची, संजूची, पांढरी गाडी. बॅग हातातच होती. मी चप्पलही न काढता सुरू झाले. "संज्या, लाज वाटली का तुला? आईला जाऊन जेमतेम सव्वा वर्ष अन् तू तिच्या अंगणावर सिमेंट ओतलं? गाडी उभी करायला जागा हवी म्हणून?" पावसात चिखल होतो, बायको घसरून पडली, हात मोडला, असं काहीबाही म्हणाला. मी ऐकतेय कशाला! शेवटी तो पण चिडला.

"ताई, मी काय येडा हाय का? आई गल्लीभर सांगायची, आमच्या सुनीच्या बाल्कनीत लिल्याच लिल्या हायेत. तुझ्याकडं हायेत म्हणूनच उकरून फेकल्या ना! नायतर हात लावला असता का मी?"

मी बॅग खाली ठेवली. वहिनीनं पाणी आणलं, ते प्यायले आणि आत जाऊन आईच्या पलंगावर बसले. त्याला खरं सांगायचं धाडस तेव्हाही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून शहागंजला गेले. रझिया खाला आता तिथं मुलाच्या कापडदुकानाच्या वर राहते. तिच्याकडं असेल, एवढी एकच आशा होती. जिना चढून गच्चीवर पाय ठेवला आणि समोर तेलाचे जुने डबे ओळीनं, प्रत्येकात आमची लिली. लाल रेघेची. मी तिथंच बसून रडायला लागले.

खाला काठी टेकत आली. "रोती कायकू? कित्ते साल लगाई आने कू!" मी म्हटलं, "खाला, माझी मेली. पहिल्याच महिन्यात मेली. मी आईला खोटं बोलले."

"हौ, तो क्या हुआ, तेरी अम्मा कू मालूम था," खाला डब्यातलं गवत उपटत म्हणाली. "दिवाली में कबी फुलती क्या ये? उसी दिन मेरे कू आके बोली, रझिया, पोरगी खोटं बोलली, पर चारचौघांत तिची लाज राखायची हाय. तू हे कांदे ठेव. लागतील तेव्हा मागायला येईल. हर साल पिल्लां लाके देती थी. बोलती थी, सुनी आयेगी."

लोक म्हणतील, किती थोर आई! मला तर असा राग आला की कान तापले. अगं, ओरडायचं होतंस! "दिवाळीत कुठं फुलते गं, काय सांगतेस?" एवढं एक वाक्य म्हणायला काय झालं होतं? मी पाहुणी होते का, की माझी लाज राखावी? अकरा वर्षं तू मला खोटं बोलू दिलंस, मी निवांत बोलले, आणि त्या खोट्यावर विसंबून पोरानं अंगण उकरलं. तुझ्या मायेपायी लिली गेली, माझ्या खोट्यापायी गेली आणि संज्याच्या गाडीपायी गेली. तिघांनी मिळून घालवली.

खालानं दोन कांदे दिले. एक मला, एक संजूला. वर बजावलं, "पैला पिल्लू मेरे घर लाने का. मेरे जीते जी." मी हो म्हणाले. या वेळी डोळ्याला डोळा भिडवून.

परत येताना मातीची मोठी कुंडी घेतली आणि छावणीत पोचल्यावर ती बरोब्बर गाडीच्या जागेवर मांडली. संजूला हाका मारून बोलावलं आणि सगळं सांगितलं, बुटापासून फिनेलपर्यंत. मग तो म्हणाला, "म्हणजे काल मला एवढं झाडलं ते?" मी म्हटलं, "ते पण खरंच होतं. आता माती धर." कांदा त्याच्याच हातानं लावून घेतला. मान बाहेर ठेवायला शिकवली. गाडी तेव्हापासून रस्त्यावर उभी असते आणि तो कुरकुरत असतो.

माझा कांदा शारजात बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्यात आहे. या खेपेला पर्समधून आणला. अंगण गेलं, आई गेली. छावणीतलं घर म्हणजे आता माझ्यासाठी ती एक कुंडी आणि ज्यांच्याशी खोटं बोलून चालत नाही अशी दोन माणसं, त्यातलं एक काठी टेकत चालतं.

काल लक्ष्मीपूजन झालं. संजूनं व्हिडिओ कॉल लावला, कुंडी दाखवली, लांब हिरवी पानं आलीत. मागं वहिनी, पोरं, शेजारी, सगळे फोनमध्ये डोकावत होते. त्यानं विचारलं, "ताई, तुझी फुलली का गं?"

सगळ्यांदेखत मी अशी ओरडले की पोरं दचकली. "अरे येड्या, ही दिवाळीत कधी फुलत असती का? पानं हायेत नुसती!"