पासवर्डच्या आधी म्हैस

आमच्या उधन्याच्या साडी मिलच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. मी कॉम्प्युटर बघतो. ऑफिस सुरक्षित करायचं मी मनावर घेतलं की एक तरी किस्सा होतोच!

सुरुवात बापूंपासून. बापू आमचे डिस्पॅचवाले, मूळ धुळ्याकडचे. ‘तुमचं पार्सल अडकलंय’ अशी लिंक आली. मिलमधून रोज शंभर पार्सलं जातात, एखादं अडकणारच! बापूंनी मायेनं ऑफिसचा पासवर्ड टाकला. दुसऱ्या दिवशी सगळ्या व्यापाऱ्यांना शेठच्या नावानं वजन उतरवायच्या पावडरीची जाहिरात गेली.

शेठचा घेर तुम्ही पाहिलेला नाही. व्यापारी विचारत होते, “शेठ, आधी तुम्ही ट्राय केली का?”

शेठ गुजरातीत कडाडले, “हवे कोई फस्यो तो सीधो कडोदराना गोडाउनमां!”

आता जो फसेल त्याची थेट कडोदऱ्याच्या गोडाउनात बदली! बापू पांढरे पडले. घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत, दुपारी काकूंच्या हातची गरम भाकरी. कडोदऱ्याला जायचं म्हणजे डबा!

*

मी ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवून दिले. खऱ्या साइटवर तो आपोआप भरतो, खोट्या पत्त्यावर गप्प बसतो.

एकदा तो गप्प बसला. पत्त्यात एक अक्षर वेगळं होतं. बापू कळवळले, “इसरना बिचारा!” आणि पासवर्ड विसरलेल्या ब्राउझरच्या मदतीला स्वतः टाइप करायला लागले.

मी धावत जाऊन वायरच उपटली.

*

मग मी आमच्या लॉगिनवर नवी सोय केली. प्रत्येकानं आपलं एक चित्र निवडायचं. लॉगिनच्या पानानं आधी ते दाखवायचं, मगच आपण पासवर्ड टाकायचा. “आधी त्यानं ओळख द्यायची, मग आपण!” हे मी बापूंकडून घोकून घेतलं.

शेठनी स्वतःचा फोटो निवडला. बापूंनी गावाकडची म्हैस निवडली, चंद्री.

आठवड्यानं बघतो तर चंद्रीचा मोठा प्रिंट मॉनिटरच्या कोपऱ्यात चिकटवलेला!

“हे काय, बापू?”

“आते कोनतंबी पान उघाडा, चंद्री दिसस!”

मी प्रिंट फाडला. बापू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मलाही वाईट वाटलं. चंद्री फोटोत खरंच छान आली होती.

*

त्यानंतर मात्र नियम बापूंच्या अंगात भिनला. परवा शेठ हजीऱ्याला मोठ्या पार्टीकडे गेले होते. तिथे डिझाइनं दाखवायची, तर पासवर्ड आठवेना. मोबाइलही बंद पडलेला. पार्टीच्या फोनवरून त्यांनी ऑफिसात फोन लावला. बापूंनी उचलला. मी शेजारीच होतो, स्पीकर चालू.

“बापू, हूं शेठ बोलुं छुं. पासवर्ड बोलो!”

अनोळखी नंबर. बापूंच्या डोळ्यांपुढे कडोदरा उभं राहिलं असणार.

“आवाज तर कोनीबी काढस. आधी वळख द्या. म्हैस दाखवा!”

“अरे, फोन पर भेंस केवी रीते बतावुं?”

“मंग ऐकाडा!”

पलीकडे शेठनी घसा खाकरला. मागे पार्टीच्या लोकांची कुजबुज. आणि मग आमचे शेठ, जिवाच्या आकांतानं, हंबरले.

बापूंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

“आपली चंद्री नही शे ती!”