शोभाताईच्या नावानं उघडलेल्या फायली

हे मीनं बायकोलेही सांगतलं नाही. टपरीवर मी माह्यं सारंच सांगतो — एकाच लग्नात दोन पंगतीत जेवताना धरल्या गेलो ते, बैलानं शेणात पाडलं ते. लोक हसतात, मी बी हसतो. हे मात्र ओठापर्यंत येते अन् मागं फिरते. तुमाले सांगून पाहतो.

मी लोहाऱ्याकडच्या एका पतसंस्थेत चपराशी. शाळा तिसरीपर्यंत, त्यातली अर्धी मास्तरच्या घरचं पाणी भरण्यात गेली. आकडे तेवढे येतात. आमच्या इथं एक जुनं कंप्युटरचं मशीन आहे, कपाटाएवढं. टेबलाटेबलावरचे पडदे त्याच्याच वायरीले जोडलेले. त्यातला प्रोग्राम म्हणे साहेबाच्या लग्नाच्याही आधीचा.

शोभाताई आमची क्लार्क. नेरवरून येत होती. बस कधी टायमावर आली का? म्हणून तिनं मले आपला पासवर्ड देऊन ठेवलता — भाऊ, दहाले माह्या टेबलावरचं मशीन लावून देत जा, साहेबाले वाटन मी आली आहे. मी लावून देत होतो. उपकारच होता न तो?

पण मशीन लागलं की मी समोर बसो. सभासदाचा नंबर मारला की त्याची जन्मतारीख दिसे. पासबुकं माह्याच हातातून जात, नंबर पाठच झालते. मंग टपरीवर मी तोंड पाहून वय सांगो. "केस काळे दिसते, पण गडी साठीले टेकला." बरोबर निघे. लोक मले ज्योतिषी समजाले लागले — मले, ज्याले सोताची जन्मतारीख माहीत नाही. लय चटक लागली बाप्पा.

मंग नागपूरवरून एक इंजिनियर आला. जुन्या प्रोग्रामात त्यानं नवीन काहीतरी जोडलं — कोणी कोणती फाइल उघडली, किती वाजता उघडली, मशीन आता लिहून ठेवन म्हणे. चहा देता देता इचारलं, "मंग मशीन मले बी धरन का, साहेब?"

तो हसला. "काका, तुमचं नाव मशीनमध्ये आहेच कुठं?"

मी खुश. नाव नाही, म्हणजे सुटलो. मंग कोणाचं नाव लागन — हे मले तवा सुचलं नाही. खरंच सुचलं नाही का? आता माह्यं मलेच समजत नाही. कुठंतरी सुचलं असन, अन् मीनं तिकडं पाठ केली असन. कारण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसलो.

काही दिवसानं साहेबानं शोभाताईले आत बोलावलं. मी ट्रे घेऊन गेलतो. साहेब कागद दाखवून म्हणे, "रोज सकाळी दहा वाजता लोकांच्या फायली कशाला उघडता? यात तुमच्या कामाचं एकही खातं नाही."

ताई काय बोलन? दहाले मी इथं नव्हती म्हणावं, तर हजेरीवरची सही खोटी. पासवर्ड चपराशाले देला म्हणावं, तर नोकरीच जाते. अन् मी? मी तिथंच होतो, ट्रे धरून. "साहेब, मी" — एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो काय? "साहेब, मी आज साखर कमी टाकली." साहेब हसले बी.

"चुकून उघडल्या असन," ताई म्हणाली. माह्याकडं पायलं नाही तिनं. तिले माहीत होतं का? माहीत होतं, तर बोलली काहून नाही — सोतासाठी, का माह्यासाठी? लय उलटंपालटं करून पायलं. कोणत्याच बाजूनं मी नीट दिसत नाही.

तिची बदली पांढरकवड्याले झाली. पोरगं सासूपाशी नेरले राह्यलं, ताई तिकडं खोली करून. टपरीवर लोक म्हणत, शोभाताई असं करन असं वाटलं नव्हतं. मी ऐकून घेत होतो. फायली मीनं उघडल्या होत्या. साऱ्याच्या साऱ्या.

जायच्या दिवशी तिची पेटी मीनंच बसमंधी चढवली. खिडकीतून म्हणाली, "भाऊ, माह्या जागी जे येईन, तिचं मशीन नका लावू."

मीनं म्हटलं, "हो ताई."

बस सुटायले अजून वेळ होता. ड्रायव्हर तिकडं चहा पिऊन राह्यलता. मी खिडकीखाली उभा राह्यलो, अन् काही बोललो नाही.