तुळसाच्या हातची भाकरी

हेमाताई आल्या तेव्हा तुळसा वसतिगृहाच्या मोरीवर पातेली घासत बसली होती. सकाळपासून पोरांच्या पंगती उठवून उठवून तिची कंबर धरली होती आणि रात्रीचं कालवण अजून व्हायचंच होतं. अशा वेळी कुणी हसत हसत समोर आलं की समजावं, काहीतरी काम घेऊन आलंय.

हेमाताई म्हणजे वकिलांच्या घरच्या, महिला मंडळाच्या अध्यक्षा. बाई मनानं चांगली, पण एकदा डोक्यात काही आलं की साऱ्या रत्नागिरीला पळता भुई थोडी करणारी.

"तुळसाबाई, आपण खाद्यजत्रा भरवतोय. शाळेच्या मैदानावर. आपल्या शहरात किती तऱ्हेची माणसं राहतात, पण कोण कुणाकडे जेवतं सांगा बघू? म्हणून प्रत्येकाचा एक स्टॉल. तुमची शेजारीण जैतूनबी गोड, वाफवलेली सांदणं करणार, खारवी बायका माशाचं कालवण, आम्ही मोदक, इस्पितळातल्या मल्याळी नर्सा इडल्या. आणि कुणब्यांचा स्टॉल तुमचा. नाही म्हणायचं नाही हं!"

"त्या दिवशी हितली सुट्टी मिळल काय?"

"ती मी मागून घेते."

"मग करीन," तुळसा म्हणाली. खरं सांगायचं तर तिला जत्रेत कसला रस? तिला रस होता झोपेत. आयुष्यभर ती दुसऱ्यांना वाढत आली होती, आता एक दिवस मैदानावर जाऊन वाढायचं, एवढाच काय तो फरक.

हेमाताई उठल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "अहो, मुख्य राहिलंच की! संध्याकाळी नमनाचा खेळ ठेवलाय, सोंगं, मृदंग, झांजा, सगळं. आंबेकोंडचं मंडळ येतंय. तुमचंच ना ते गाव? भागोजी गावकर स्वतः घेऊन येणार आहेत. त्यांची जेवणं मी तुमच्याच स्टॉलवर लावलीत. आपल्या माणसाच्या हातचं खातील, खूश होतील."

तुळसाच्या हातातलं पातेलं निसटलं आणि गडगडत मोरीच्या टोकाला गेलं. हेमाताईंना वाटलं, आनंद झाला.

आता ह्या बाईंना कुणी सांगावं, की आंबेकोंडातलं एकही माणूस तुळसाच्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हतं!

झालं होतं ते असं. तुळसाचा नवरा काशीराम मुंबईला गिरणीत होता. संप झाला, गिरणी बंद पडली, काशीराम घरी आला. त्याच साली गावकीनं, म्हणजे गावकर आणि त्याच्या पंचांनी, ठरवलं की वाडीची पायवाट काशीरामच्या रानातून काढायची. काशीराम म्हणाला, बांधावरून न्या, रानाच्या मधून नको. गावकी म्हणाली, ठरलं ते ठरलं. मुंबईची हवा लागलेला माणूस तो, तडक रत्नागिरीला आला आणि कोर्टात गेला. गावकीचा शब्द मोडून कोर्टाची पायरी चढला, म्हणून वाडीनं त्याचं घर वाळीत टाकलं.

वाळीत टाकतात म्हणजे कुणी मारत नाही की शिव्या देत नाही. नुसतं बघायचंच बंद करतात. विहिरीवर तुम्ही गेलात की बाकीच्या बायका कळशा उचलून निघून जातात. चूल विझली तर निखारा मिळत नाही. शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते, आणि तुमच्या अंगणाशी आली की ढोल थांबतो, पालखी पुढे जाते, मग ढोल पुन्हा वाजायला लागतो. तुळसाचं माहेर त्याच गावात, वरच्या वाडीत. तिथे तिची आई गंगा आणि धाकटा भाऊ लवू. पण गावकी एकच. लवूनं बहिणीला घरात घेतलं असतं, तर त्याचंही घर वाळीत. म्हणून माहेरचं दारही बंद.

पुढच्याच वर्षी काशीराम आजारी पडला. तुळसानं त्याला रत्नागिरीला आणलं, चाळीत खोली घेतली, तिथेच तो गेला. गावाला सांगावा धाडला. कुणीही आलं नाही. खांदा द्यायला माणूस नाही, म्हणून तुळसा चाळीच्या पायरीवर नुसती बसून राहिली होती. शेवटी शेजारच्या जैतूनबीनं आपल्या नवऱ्याला उठवलं, त्यानं मिरकरवाडा बंदरावरून दोन खारवी आणले, पोस्टातले जोशी कारकून आपणहून आले. त्या चौघांनी काशीरामला उचललं. त्या दिवशी कुणी बॅनर लावलं नव्हतं की भाषण केलं नव्हतं.

कोर्टातली केस काशीरामबरोबरच संपली. पायवाट रानातून गेली ती गेलीच. तुळसानं भागोजी गावकराकडे निरोपावर निरोप धाडले, की आता मला परत घ्या. त्याचं उत्तर ठरलेलं, "बघू, शिमग्याला बसू नि बोलू." असे किती शिमगे आले नि गेले. परत घ्यायची रीत तशी अगदी साधी. वाळीत असलेल्यानं भाकरी करायची, गावकरानं पहिला तुकडा मोडून तोंडात घालायचा, मग वाडीनं जेवायचं. जेवले की मिटलं. पुढे त्यावर कुणी एक शब्द काढायचा नाही.

आणि तोच गावकर आता तिच्या स्टॉलवर जेवायला येणार होता!

तुळसाला दुसरं काही नको होतं. गाव नको होतं, रान नको होतं. तिला फक्त आईला भेटायचं होतं. गंगा थकली होती, तिला दिसेनासं झालं होतं, एवढं बाजारात आलेल्या बायकांच्या बोलण्यातून तिच्या कानावर यायचं, तेही त्या दुसरीकडे बघत बोलायच्या तेव्हा.

जत्रेच्या दिवशी ती पहाटेच मैदानावर आली. नव्या तांदळाचं पीठ, कुळथाची पिठी, ओल्या काजूगरांची उसळ. टेबलाखाली एक पिशवी ठेवली होती, तीत धुवट लुगडं आणि आईसाठी मऊ बिस्किटं. गावकरानं तुकडा मोडला की इथूनच स्टँडवर जायचं आणि सकाळची पहिली एस.टी. धरायची, असं तिनं कुणालाही न सांगता ठरवलं होतं.

"हे काय, कुठे निघालीस?" शेजारच्या स्टॉलवरून जैतूनबीनं विचारलं. तिच्या सांदणांच्या वाफेचा वास येत होता.

"कुठं नाय गो. असूदे आपली."

जैतूनबीला सगळं ठाऊक होतं. ती आपल्या सांदणांकडे वळली.

गर्दी अशी लोटली की विचारू नका. मोदकवाल्या बायका कालवण चाखायला खारवी बायकांकडे आल्या, खारवी बायका इडलीकडे गेल्या, आणि सगळे फिरून फिरून तुळसाच्या भाकरीवर आले. जोशी कारकून बायकोला घेऊन आले आणि उसळ दोनदा मागून घेतली. "बाई, हात आहे की काय आहे तुमचा!" कुणीतरी म्हणालं. तुळसा हसली, पण तिचं लक्ष फाटकाकडे. चुलीच्या धगीनं डोळे चुरचुरत होते, पाय तर केव्हाच बधिर झाले होते. एवढी माणसं हातचं गोड मानून खात होती आणि तिला त्यांच्यापैकी एकाचंही काही वाटत नव्हतं. वाईट आहे, पण होतं ते असंच होतं.

उन्हं कलल्यावर मंडळ आलं. पुढे भागोजी गावकर, पांढरी टोपी, हातात काठी. मागे झांजवाले, आणि मृदंग गळ्यात अडकवलेला लवू. किती वाळला होता लवू! हेमाताईंनी सगळ्यांच्या हातात कुपनं दिली आणि त्यांना सरळ तुळसापुढे आणून उभं केलं.

"या, बसा. घरचंच समजा!"

कुणी बसेना. तोंडाला काळं फासून संकासुर झालेला एक गडी भुकेला असावा. त्यानं टोपलीकडे हात नेला. गावकर खाकरला. हात तसाच मागे गेला.

तुळसानं एक भाकरी पत्रावळीवर ठेवली, वर उसळ वाढली आणि ती गावकरापुढे धरली. एवढ्या वर्षांत प्रथमच ती त्याच्यासमोर उभी होती.

"तात्यानू, घ्या. एक तुकडा मोडा. मला दुसरा काय नको."

भागोजीनं पत्रावळीकडे बघितलं. म्हातारा झाला होता तोही. त्याच्या मागे उभे असलेले सगळे त्याच्याकडेच बघत होते, आणि ते त्याला पाठीतून कळत होतं.

"नमनाआधी आमी खात नाय," तो हेमाताईंना म्हणाला. मग तुळसाकडे न बघता, खालच्या आवाजात, "शिमग्याला बसू नि बोलू."

रात्रभर चालायचं नमन हेमाताईंनी तासाभरात बसवलं होतं. देव आले आणि गेले, गवळणी नाचल्या, टाळ्या पडल्या. लवूचा मृदंग ऐकताना तुळसाला वाटत होतं, वाजवू दे रे बाबा, नमनानंतर तरी खातील. वेडी आशा. माणूस दमला की त्याला असल्या आशा लागतात.

नमन संपलं आणि मंडळ इडलीच्या स्टॉलवर जाऊन बसलं. भागोजी गावकरानं जन्मात पहिल्यांदा इडली खाल्ली असेल. ती चटणीत बुडवायची की सांबारात, हे एक मल्याळी नर्स त्याला खुणांनी दाखवत होती आणि तो निमूट ऐकत होता. तिची जात, गाव, देव, काही म्हणजे काही विचारलं नाही त्यानं.

हेमाताई लगबगीनं आल्या. "तुळसाबाई, मनाला लावून घेऊ नका हं. त्यांना तुमचं रोजचंच, म्हणून वेगळं खावंसं वाटलं असेल. हीच तर गंमत आहे आपल्या जत्रेची!"

"व्हय," तुळसा म्हणाली.

जैतूनबीचा मात्र भडका उडाला. "थांब, मी जाते आणि विचारते त्यांना! इथे येऊन माझ्या शेजारणीचा अपमान करतात?"

"नको गो बाय. माज्यात भांडायचा जीव नाय उरला. बस हितं."

तुळसानं टेबलाखालची पिशवी पायानं आत सरकवली. राग आला नव्हता तिला. फार फार थकली होती ती. बसल्या जागी डोळे मिटावेत आणि कुणी उठवू नये, एवढंच वाटत होतं.

तेवढ्यात समोर सावली पडली. लवू होता. मृदंग नव्हता गळ्यात. पाणी प्यायचं निमित्त करून आला असावा, कारण हातात रिकामा तांब्या होता आणि तो सारखा मागे वळून बघत होता.

"बाय, कशी हायस?"

"हाय. आये कशी हाय?"

"आयेचा काय खरा नाय." लवूनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "आथरुणावरच हाय. घास जात नाय. काल मला म्हनते, रत्नागिरीस जातोस तर तुळसाच्या हातची भाकरी घेऊन ये. तेवडीच खाईन म्हनते."

तुळसा एकदम उठली. कंबरेची कळसुद्धा जाणवली नाही. टोपलीतली सगळ्यात मऊ भाकरी तिनं काढली, केळीच्या पानात गुंडाळली, वरून फडक्याची गाठ मारली. बिस्किटंही काढली. गाठोडं लवूच्या हातात देणार, तेवढ्यात तिला इडलीच्या स्टॉलवरची ती पांढरी टोपी दिसली.

ती थांबली.

एवढंसं घर. भिंतीला कान लावून बसलेली वाडी. फडक्याची गाठ सुटताना कुणी ना कुणी बघणारच, आणि लवूला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. वाळीतल्या बाईच्या हातचं म्हातारीनं खाल्लं, असं झालं की लवूचं घरही वाळीत. आणि आईचे तर आता थोडेच दिवस राहिलेले. ती गेली की तिला उचलणार कोण? इथे चाळीत निदान जैतूनबी होती. तिथे डोंगरात लवू एकटा कुणाकुणाच्या दारात जाणार? चाळीच्या पायरीवरची ती दुपार तुळसाच्या अंगावर सरसरून आली. काशीरामला त्या चौघांनी उचललं, पण तोवर जे बसून राहायला लागलं, ते तिनं वैऱ्यालाही दिलं नसतं.

तिनं गाठोडं मागे घेतलं. गाठ सोडली, भाकरी परत टोपलीत ठेवली आणि टोपलीवर जुन्या लुगड्याचा धडपा ओढला.

"बाय?"

"भाकऱ्या संपल्या, लवू."

लवूनं टोपलीकडे बघितलं. धडपा चांगला वर आला होता.

"बाय, तसा नको करू. आये वाट बघत असंल."

"म्हनूनच सांगतेय. तिला सांग, लय माणसा आलती. बामण आलते, खारवी आलते, मुसलमान आलते, डॉक्टरीणबाई आलत्या. सगळी तुळसाच्या हातचा जेवली. हात चाटून जेवली म्हनावं. भाकरी पुरली नाय. एकसुद्धा उरली नाय, असा सांग." तिनं धडप्याची कडा टोपलीत खोचली. "सांगशील ना नीट? खोटा वाटता कामा नये हां."

लवूनं मान हलवली. तांब्या तसाच रिकामा घेऊन तो परत गेला. गावकरानं त्याला काहीतरी विचारलं, त्यानं तांब्या वर करून दाखवला. मग ते सगळे फाटकातून एस.टी. स्टँडकडे निघाले, आणि झांजांचा आवाज लांब जाईपर्यंत तुळसा उभीच होती.

"मावशी," समोर कॉलेजातल्या दोन मुली कुपनं घेऊन उभ्या होत्या, "भाकरी आहे का अजून?"

"हाय की," तुळसा म्हणाली आणि तिनं टोपलीवरचा धडपा काढला. "बसा. पोटभर जेवा."