आलं कुटायची वेळ

तुमचा आवडता सिनेमा कोणता, असं विचारल्यावर खरं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. माणिकपूरच्या आमच्या सिनेमा मंडळात तर नाहीच नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळी पंचवीसएक माणसं एका हॉलमध्ये जमतात, पडद्यावर काहीतरी बघतात आणि मग चहा-वेफर्स खात एकमेकांना तोंडी परीक्षा देतात. दर वेळी एकाची पाळी असते. दहा मिनिटं उभं राहून ‘माझा आवडता सिनेमा’ या विषयावर बोलायचं. आणि काय तर म्हणे, तो पुन्हा पुन्हा का बघावासा वाटतो, तेही सांगायचं.

आजवर एकानेही आपल्या भाषेतला, स्वतःला कळलेला सिनेमा सांगितलेला नाही. सगळ्यांचे आवडते सिनेमे बर्फात घडतात. उमेळ्याच्या नव्या टॉवरमध्ये राहणारे, जन्मात कधी स्वेटर न घातलेले गृहस्थ बर्फातल्या एकटेपणावर गहिवरून बोलतात. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. दिग्दर्शकाचं नाव घेताना ते डोळे मिटतात, पूजेला बसल्यासारखे. हॉलमधले दिवे घालवले की दहाव्या मिनिटाला त्यांचं घोरणं सुरू होतं, आणि शेवटी ‘काय फ्रेम पकडलीय!’ म्हणून पहिली टाळीही त्यांचीच असते.

मी तरी कुठे वेगळी होते? तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मुलांच्या डोक्यात रसग्रहण कोंबलं, मग माझा आवडता सिनेमा ऐरागैरा कसा चालेल? एका म्हाताऱ्या घड्याळजीवरचा परदेशी, कृष्णधवल सिनेमा मी मनाशी ठरवून ठेवला होता. कोणी विचारलं की तोच सांगायचे. तो मी आयुष्यात दीड वेळा पाहिला आहे. दुसऱ्या वेळी मध्यंतराच्या आसपास मला झोप लागली.

आता सासूबाईंच्या सिनेमाबद्दल सांगते. त्या अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या. उभा जन्म मासळी विकण्यात गेला आणि गुडघे गेले तेव्हा आमच्या माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. मी साताऱ्याची. त्यांच्या ‘पानी’ला आणि ‘कोन’ला मी पहिली काही वर्षं मनातल्या मनात लाल शाई मारायचे. एका चॅनेलकडे बहुधा तेवढा एकच सिनेमा असावा, कारण दर दोन-तीन आठवड्यांनी दुपारी तोच लागायचा. आणि सासूबाई दर वेळी, जणू काही आजच पहिला खेळ आहे अशा, पदर सावरून, पाय वर घेऊन बसायच्या.

सिनेमा म्हणजे काय वर्णावा! दोन भाऊ, एक आई. थोरला धरणावर कामाला, धाकटा शिकणारा. आई सतत शिवणयंत्रावर, पण शिवलेला एक कपडा कुठे दिसेल तर शपथ. थोरला कामावरून येतो, आईला उचलून गरगर फिरवतो, तिच्या ताटातला घास पळवतो, आंघोळीचं पाणी सगळ्या घरभर करतो. दीड तास नुसता हाच पोरकटपणा. मग धरणावर पूर येतो आणि तो जातो. मग गाणं. मग धाकट्याचं लग्न. संपलं! मी नाक मुरडत स्वयंपाकघरातून ये-जा करत तो किती वेळा ऐकला असेल, देव जाणे.

पण मला खरा संताप यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या अख्ख्या टुकार सिनेमात एकच प्रसंग असा आहे, ज्यात कोणीतरी अभिनय करतं. थोरला गेल्याची बातमी घेऊन माणसं दारात येतात, तो. तेवढ्यात मात्र सासूबाई उठायच्या. ‘चहा ठेवते’ म्हणून आत जायच्या आणि खलबत्ता घेऊन आलं कुटत बसायच्या. धडाड् धडाड्! बोटभर आल्यासाठी इतकं कुटायचं की टीव्हीचं एक अक्षर ऐकू येऊ नये. आणि गाण्याचा पहिला सूर लागला की कप घेऊन बाहेर. दर वेळी, न चुकता. मी नवऱ्याला म्हणायचे, ‘तुमच्या आईला सिनेमा कशाशी खातात ते कळत नाही. शंभरदा बघतात आणि बघण्यासारखं आलं की उठून जातात.’ नवरा पेपरात डोकं घालायचा. त्याच्या थोरल्या भावाचा, हार घातलेला फोटो अर्नाळ्याच्या घरात आहे. माझ्या लग्नाआधीच होडी समुद्रावरून त्याच्यावाचून परत आली होती. त्या घरात त्याचं नाव कोणी काढत नाही, म्हणून मीही कधी काढलं नाही. एवढं सगळं मला माहीत होतं. तरी मी ते वाक्य बोलत राहिले. रसग्रहणाची बाई मी!

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा काचबिंदूने कधीच गेला होता, त्यामुळे हा एवढा एकच उरलेला. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं. वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर टीव्ही नको, आणि काही झालं तरी डोळा चोळायचा नाही. ‘हा गेला तर माझ्याकडे दुसरा नाही,’ असं ते हसत म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा औषधं आणायला गेला होता आणि शेजारच्या फ्लॅटमधून त्या सिनेमाचं सुरुवातीचं गाणं भिंतीतून ऐकू आलं.

‘लागला गो,’ सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

‘लागू दे. डॉक्टरांनी काय सांगितलंय?’

‘मग तू सांग ना.’

आधी मला हसूच आलं. मग आठवलं, येत्या रविवारी मंडळात माझी पाळी होती. घड्याळजीवर दहा मिनिटं बोलायचं होतं आणि मी पाठांतर करत होते. म्हटलं, चला, तालीम तरी होईल. श्रोता आयता मिळालाय, डोळेही झाकलेले आहेत, उठून जाता येत नाही. खुर्ची ओढली आणि सुरू केलं.

आणि मला येत होता हो तो सिनेमा! अक्षर न् अक्षर. ज्या घड्याळजीचं नाव मी इतकी वर्षं मिरवलं, त्याची एक ओळ धड आठवत नव्हती, आणि हा टाकाऊ माल माझ्या डोक्यात घडी घालून ठेवल्यासारखा निघाला. थोरला घास कसा पळवतो, आई लाटणं घेऊन कशी मागे लागते, सगळं मी आवाज बदलून सांगितलं. सासूबाई हसायच्या, मध्येच दुरुस्ती करायच्या. ‘लाटनं नाय, पळी.’ मी म्हटलं, बरं बाई, पळी. मला चढायला लागलं. शाळेत वर्ग रंगला की जसं व्हायचं, तसं.

मग पूर आला.

‘आता चहा ठेव,’ त्या म्हणाल्या.

‘थांबा हो आई, आता तर खरा प्रसंग आहे. तुम्ही कधी बघतच नाही तो.’

‘ऱ्हाऊंदे गो. चहा ठेव.’

मी राहू दिलं नाही. कसं राहू देणार? माझा वर्ग रंगला होता. मला वाटलं, या बाईला आज एकदा तरी कळू दे, सिनेमा म्हणजे काय. आवाज खाली आणला. ‘दारात चार माणसं येऊन उभी राहतात,’ मी म्हणाले. ‘आई शिवणयंत्रावरून वर बघते. कोणी आत येत नाही. कोणी बोलत नाही. ती म्हणते, या ना, बसा, तो येईलच एवढ्यात. तरी कोणी आत येत नाही. मग त्यातला एक जण पुढे होतो आणि थोरल्याचा ओला टॉवेल तिच्या हातात...’

‘आमच्याकडं पाच व्हते,’ सासूबाई म्हणाल्या.

‘कुठे?’ मी विचारलं.

‘दारात. पाच जन. कोनी आत येत नव्हता. मी बोलले, या, जेवून जा. कालवन केलं हाय, त्याच्यासाठीच ठेवलंय. तरी कोनी आत येई ना.’

काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं आणि त्यांचा हात वर गेला. मी झडप घातली. दोन्ही मनगटं धरली. ऐंशीच्या पुढची बाई, पण टोपल्या उचललेले हात ते, मला आवरेनात. ‘आई, चोळू नका, पाया पडते तुमच्या, चोळू नका.’ त्या रडत होत्या आणि मी त्यांना डोळे पुसू देत नव्हते. असा प्रकार मी जन्मात कोणाशी केलेला नाही. मध्येच एक हात सोडवून पदराने गाल तेवढे टिपत होते, डोळ्यापासून लांब लांब, आणि मनात एकच, हा डोळा गेला तर तो मी घालवला. शेजारून ते गाणं सुरू झालं. ते ऐकू आल्यावर त्यांचे हात हळूहळू सैल झाले.

त्यांचा चष्मा नीट बसवून मी विचारलं, ‘मग बघता कशाला हो तो?’ रागानेच विचारलं असेल. मला दुसरा सूर येतच नाही.

‘आधी दीड तास तो घरातच असतो ना,’ त्या म्हणाल्या. ‘तो असा आला, असा जेवला, असा हसला. मी बघत बसते. पुढचं मना ठावं हाय. तेवढं सोडायचं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी यंत्रात डोळा तपासला. लाल का झालाय, रडल्या का, कोणी रडवलं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, इतक्यात सासूबाई म्हणाल्या, ‘कांदा. हिला नको बोलले व्हते मी, तरी माझ्याजवळ बसून चिरला हिनं.’ डॉक्टरांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी मुकाट्याने घेतलं. डोळा मात्र सुरक्षित होता. रिक्षात बसल्यावर मी काही बोलणार होते, तर त्या म्हणाल्या, ‘जाताना कोलीम घेऊ.’ आम्ही वाटेत बाजारात थांबून कोलीम, म्हणजे जवळा, घेतलं.

रविवारी मंडळात माझी पाळी आली. आता वाटेल की मी उभी राहून तो धरणाचा सिनेमा सांगितला असेल. छे! एवढी हिंमत असती तर काय हवं होतं! मी घड्याळजीवरच बोलले. पुनःपुन्हा पाहताना नवनवे पदर उलगडतात, असंही बोलले. अध्यक्षांनी डोळे मिटले. टाळ्या पडल्या. एका बाईंनी जवळ येऊन डोळे पुसले, आणि त्या खोट्या टाळ्यांहून मला स्वतःचीच जास्त किळस आली. तेव्हापासून मी मंडळात गेलेले नाही. तिथे अजून बर्फच पडत असेल.

सासूबाईंना आता बरंच स्पष्ट दिसतं. मध्यंतरी तो सिनेमा पुन्हा लागला. मी पेपर घेऊन शेजारी बसले, बघत नसल्यासारखी. थोरला आला. आईला गरगर फिरवलं. घास पळवला. पळीच होती, लाटणं नाही. सासूबाई हसत होत्या आणि मी त्या पोराकडे बघत होते, अगदी टक लावून. जेव बाबा, म्हटलं, सावकाश जेव.

पडद्यावर आभाळ काळं झालं. सासूबाईंनी गुडघ्यावर हात टेकला.

‘बसा तुम्ही,’ मी म्हटलं, पण मग लक्षात आलं, बसून कसं चालेल. त्यांना हात दिला आणि आम्ही दोघी आत आलो. गॅसवर आधण ठेवलं. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, बाहेरच्या आवाजाकडे कान होता त्यांचा. मी खलबत्ता काढला. डब्यात बघते तर आलं संपलेलं होतं.

मी रिकामाच खलबत्ता कुटत राहिले, गाणं लागेपर्यंत.