दसऱ्याला निजलेला प्रिंटर

मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करते. मिक्सर, गिझर, पाण्याचा फिल्टर, काय येईल ते. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी एक प्रकरण ठरलेलं असतं: यंत्र चालू न झाल्यास काय करावे. ते मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी ‘प्रथम प्लग नीट बसला आहे का ते तपासा’ असंच तोंडातून बाहेर पडेल. म्हणूनच त्या रविवारी आमच्या घरचा प्रिंटर झोपला आणि उठेचना, तेव्हा मला जो संताप आला तो जरा जास्तच होता. जगाला शिकवायचं आणि घरात ही शोभा!

आमचं घर कर्जतला, भिसेगावात. मूळ गाव पोशीर. तिथं थोडी भातशेती आहे, भाऊबंद आहेत, आणि माझ्या सासऱ्यांचा अर्धा जीव आहे. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. आबा गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, भातकापणी उरकली की त्रिपुरी पौर्णिमेला देवळासमोर नाटक होतं आणि आबा विंगेत कागद घेऊन उभे असतात. नट बदलले, राजे म्हातारे झाले, साडी नेसून नायिका व्हायचा तो गडी ग्रामपंचायतीत सदस्य झाला, पण विंगेतला माणूस तोच. पोशीरच्या निम्म्या पुरुषांना त्यांच्या आयुष्यातली सगळी भारदस्त वाक्यं आबांनीच हळूच सांगितलेली आहेत.

यंदा मात्र डोळ्यांनी दगा दिला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी आबांना धूसरच दिसतं, आणि दुसऱ्या डोळ्याचा विषय काढला की ते उठून अंगणात जातात. दसऱ्याच्या आधी नाटक मंडळाचा अध्यक्ष आमच्याकडे आला. नात्यानं तो आबांचा पुतण्याच. चहा पिता पिता म्हणाला, “आबा, तुमी लय वर्सं केलंत. यंदा पुढं खुर्चीत बसा, आमी तुमचा सत्कार करू. विंगेत कुनीतरी मोबाईल घेऊन उभा राहील. नाटक समदं व्हॉट्सॅपवरच हाय.”

सत्कार म्हटल्यावर आबांचं तोंड असं उतरलं की मला पुतण्याच्या बशीतलं बिस्कीट काढून घ्यावंसं वाटलं.

“मोबाईलवर मला नाय दिसत,” आबा म्हणाले. “कागदावर दिसतं. अक्षरं मोठी केली का समदं दिसतं.”

“बरं, मग दसऱ्यानंतरच्या रविवारी तालमीला कागद घेऊन या. चार वाजता. जमलं तर तुमीच. नायतर...” पुढचं त्यानं चहाबरोबर गिळलं.

“काळजी करू नका आबा,” मी ऐटीत म्हणाले. “घरात प्रिंटर आहे.”

नाटक लिहिणारे मास्तर गावातलेच. त्यांनी पहिला अंक पाठवला होता आणि दुसरा ‘डोक्यात तयार आहे’ असं कळवलं होतं. मी लॅपटॉपवर पहिल्या अंकाची अक्षरं मोठी करायला बसले. पानावर जेमतेम चार-पाच ओळी मावाव्यात एवढी मोठी. आबा शेजारी खुर्ची ओढून बसले.

“मोठ्यानं वाच गं. चूक असंल तर कळंल.”

वाचलं.

“परत वाच. तिथं काय तरी चुकल्यासारखं वाटतंय.”

परत वाचलं. काहीएक चुकलं नव्हतं. रोज संध्याकाळी हाच उद्योग. राजा आधी उठतो का प्रधान, राणी ‘नाथ’ म्हणते का ‘महाराज’, सगळं पुन्हा पुन्हा. माझा घसा बसला. शेवटी वैतागून म्हटलं, “आबा, मी माझं कामसुद्धा एवढं तपासत नाही.”

“म्हनून तुज्या मिक्सरचं पुस्तक कुनी वाचीत नाय,” आबा म्हणाले. आता बोला!

मग तो रविवार उजाडला. जेवणं उरकली, मी लॅपटॉप उघडला, प्रिंटची आज्ञा दिली. पडद्यावर अक्षरं आली: प्रिंटर झोपेत आहे, कृपया बटण दाबून जागा करा. प्रिंटरच्या दर्शनी भागावर, अगदी मधोमध, एक गोल बटण आहे. दाबलं. त्याच्या कडेचा दिवा मंदपणे उजळला आणि विझला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कुशीवर वळला आणि घोरायला लागला मेला.

“रिस्टार्ट केलंस का?” नवऱ्यानं पलंगावरूनच विचारलं. तो खोपोलीच्या एका कारखान्यात यंत्रांवर देखरेख करतो, आणि घरातल्या यंत्रांबद्दल त्याचं एवढंच एक वाक्य आहे.

प्लग काढला, लावला. वायफाय बंद करून चालू केलं. केबल जोडली. पोटातली शाईची नळकांडी काढून परत बसवली. माझ्या त्या प्रकरणातले सगळे उपाय ओळीनं केले आणि दर उपायानंतर पुन्हा प्रिंटची आज्ञा दिली. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. गाणं ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, “मॅडम, बटण जरा वेळ दाबून धरा.” धरलं. “आता सोडा.” सोडलं. “आता उठला का?” डोंबल उठतोय!

मग नवरा आला, त्यानं बटण दाबलं. आबा आले, त्यांनी चाचपून दाबलं. आमच्या तिघांच्याही बोटांना कुंकू लागलं, कारण दसऱ्याच्या दिवशी आबांनी या प्रिंटरची पूजा केली होती. दरवर्षी विळे, कोयते, नवऱ्याची मोटरसायकल, मिक्सर, सगळं पाटावर नाहीतर पाटाशेजारी येतं. लॅपटॉप मी उराशी धरून वाचवला होता. त्याचा सगळा मान मग प्रिंटरला मिळाला. भाताच्या लोंब्या, झेंडू, आपट्याची पानं, अक्षता, आणि कपाळावर ओल्या हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा. आता प्रिंटरचं कपाळ कुठं? तर आबांच्या मते बरोब्बर मधोमध, ते गोल बटण असतं तिथं. पूजेचं कुंकू मुद्दाम पुसायचं नाही, आपसूक जाऊ द्यायचं, ही आमच्या घरची रीत, म्हणून ते तसंच होतं. दुपारभर आम्ही तिघं त्या टिळ्याकडे बघत होतो आणि कुणालाच काही सुचत नव्हतं.

बाजारातून प्रिंट काढून आणू म्हणून नवरा गाडी घेऊन गेला. स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला रविवारी बंद. दुसरा लोधिवलीला बहिणीकडे बारशाला गेलेला. नवरा हात हलवत परत आला.

आबा केव्हाचे तयार होऊन बसले होते. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर चष्म्याची पिशवी. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मोठ्या तोंडानं ‘घरात प्रिंटर आहे’ म्हणणारी मीच, आणि आता या माणसाला खुर्चीत बसवून नारळ आणि शाल देणार. मला रडूच यायला लागलं, म्हणून मी नवऱ्यावर ओरडले. मग तेही पुरेना, म्हणून प्रिंटरच्या पाठीत एक रट्टा घातला.

“अगं मारू नको!” आबा उठलेच. “पूजेतली वस्तू हाय ती.” आणि मग एकदम थबकून म्हणाले, “पर त्याची उत्तरपूजा कुनी केली?”

“प्रिंटरची उत्तरपूजा?” नवऱ्यानं विचारलं.

“विळे दुसऱ्या दिवशी हलवले, कापनीला गेले. गाडी हलली. मिक्सर हलला. ह्यो तवापासून तसाच हाय. पूजेत बसलेल्याला कामाला कसं लावशील? आदी हलवाया पायजे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या हाताला कुंकू होतं हे नंतर आरशात कळलं.

“करू दे गं,” नवरा म्हणाला. “एवढं सगळं केलं, त्यात हेही.”

आबांनी हात धुतले. सुकलेला झेंडू उतरवला, लोंब्या सोडवल्या, पानं वेचली. हात जोडून ‘पुनरागमनाय च’ म्हणाले. मग ओल्या फडक्यानं तो टिळा कोपऱ्याकोपऱ्यातून चोळून पुसला आणि दोन्ही हातांनी प्रिंटर जरासा पुढं सरकवला, गणपती हलवतात तसा.

टक्.

बटण वर आलं. दिवा लागला. पोटात घरघर झाली आणि पहिलं पान जिभेसारखं बाहेर आलं. मी किंचाळलेच. नवऱ्यानं आबांना मिठी मारली, जी त्यानं आमच्या लग्नातही मारली नव्हती.

फडक्यावर एक तांदूळ होता, हळदीकुंकवात घोळलेला. ती अक्षत बटणाच्या फटीत शिरून वर कुंकवानं चिकटली होती आणि तिनं बटण दाबून धरलं होतं. दसऱ्यापासून त्या बिचाऱ्या यंत्राला वाटत होतं की कुणीतरी बोट ठेवून उभंच आहे. आम्ही दाबत होतो ते आधीच दाबलेलं बटण.

“आबा, तांदूळ अडकला होता,” मी म्हटलं.

“मंग मी काय म्हनतोय?” आबा म्हणाले.

पहिला अंक छापून झाला आणि लगेच पुन्हा पहिला अंक सुरू झाला. दुपारभरात जितक्यांदा मी आज्ञा दिली होती, तितके पहिले अंक आता बाहेर येणार होते. नवऱ्याला त्याला आवरायला बसवून मी पहिला पुरा गठ्ठा उचलला, पिशवीत कोंबला, आबांना स्कूटरवर मागं बसवलं आणि नेरळच्या रस्त्यानं सुसाट सुटले.

पोशीरच्या देवळात मंडळी जमली होती. पुतण्या हातात मोबाईल घेऊन उभा. आबा खांबाच्या आडोशाला जाऊन आपल्या जागी उभे राहिले, चष्मा लावला, कागद समोर धरले. मी त्यांच्या मागंच होते. राजा आला, मिशीवर हात फिरवला आणि पहिल्याच वाक्याला गप्प झाला.

तेव्हा माझी नजर आबांच्या हातातल्या कागदांवर गेली. आमचा प्रिंटर छापलेली पानं उताणी टाकतो, त्यामुळे शेवटचं पान सगळ्यात वर येतं. ती लावून घ्यायची असतात. घाईत मी लावलीच नव्हती. वरच्या पानावर हाताएवढ्या अक्षरांत ‘पहिला अंक समाप्त’ असं लिहिलेलं होतं, आणि तेही उलटं, डोकं खाली.

आबांनी त्या पानाकडे नीट निरखून बघितलं.

“प्रधानजी,” ते हळू आवाजात म्हणाले, “आज दरबार एवढा शांत का?”

राजानं ते गर्जून म्हटलं. आबांनी बोट जिभेला लावून पान उलटलं. राणी अडली. “महाराज, शांत नाही, घाबरलेला आहे.” बरोबर. पुढचं पान. प्रधान चुकला, आबांनी त्याला मागं नेऊन पुन्हा रुळावर आणलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. कागदावर काय होतं आणि आबा काय सांगत होते, त्याचा काडीचा संबंध नव्हता. ‘परत वाच, काय तरी चुकल्यासारखं वाटतंय’ म्हणत ते रोज संध्याकाळी माझ्या शेजारी का बसत होते, हे मला त्या खांबामागं उभी असताना कळलं, आणि मी पदरानं डोळे पुसले.

अंक संपला तेव्हा पुतण्यानं मोबाईल खिशात टाकला. “आबा, विंग तुमचीच,” म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला.

चहा आला. आबा पायरीवर बसले होते, कागद मांडीवर जपून ठेवलेले.

“बेस आलेत गं कागद,” म्हणाले. “अक्षरं कशी टपोरी दिसतात.”

“हो ना,” मी म्हटलं, आणि बोलता बोलता त्यांच्या हातातून गठ्ठा घेऊन पानं सुलटी लावून टाकली. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मास्तरांचा दुसरा अंक.

“आबा, दुसरा अंक आलाय. यातही चुका असणार बघा. सगळा मोठ्यानं वाचून तपासावा लागेल.”

आबांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा उजवीकडे, बघितलं. मग बशीत चहा ओतला.

“वाच की,” म्हणाले. “दोनदा वाच. मास्तर लय चुका करतो.”