पिणाऱ्याला विचारायचं नाही

"घे, मर पिऊन!" असं म्हणून चाचा पाणी द्यायचे.

काठोकाठ भरलेला जर्मलचा पेला उजव्या हातात, डावा हात उजव्या कोपराला टेकवलेला, मान किंचित वाकलेली. हात बघितलेत तर वाटावं, देवळात तीर्थ देतायत. तोंड ऐकलंत तर वाटावं, हा म्हातारा आता खून करणार. तहानलेला माणूस नवखा असला की पेला घ्यावा की पळ काढावा, हेच त्याला कळत नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा जमदग्नी असेल. पण तुमच्या जमदग्नीचा राग संध्याकाळपर्यंत उतरत असेल. चाचांचा राग तेराशे वर्षांचा होता. तो कशाला उतरतोय!

आमच्या गिरणीत ते साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. साचेखात्यात मागांचा असा खडखडाट की माणसं आयुष्यभर खुणांनी बोलतात. चाचा तोंडाने बोलायचे आणि ते ऐकू यायचं. लालबागच्या नाक्यावरून त्यांनी मला हाक मारली की चिंचपोकळीच्या पुलावरचा व्हिक्टोरियाचा घोडा थांबून मागे बघायचा. मी वाढवून सांगतो असं चाळीत म्हणतात. घोडा मेला म्हणून, नाहीतर साक्षीला आणला असता.

गाव दाभोळकडचं. घरची बोली कोकणातली, आणि त्यातल्या शिव्या अशा की माझ्या मालवणी आईनेसुद्धा पदराच्या आड हसून पाठ कराव्यात.

मोहरमचा चांद दिसला की चाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडी घडवंची मांडायचे. तिच्यावर सहा माठ, माठांना ओलं तांबडं फडकं, वर ताडपत्री. ही त्यांची सबील, म्हणजे मोहरमच्या दहा दिवसांची पाणपोई. गिरणीतून रजा काढून दहाही दिवस स्वतः बसायचे. त्या वर्षांत मोहरम ऐन पावसाळ्यात यायचा. वर धो धो कोसळतंय आणि खाली हे पाणी वाटतायत. मी एकदा म्हटलं, "चाचा, आभाळ फुकट देतंय की! तुम्ही कशाला?"

"आभाळ डोक्यावर ओततं, मेल्या. हातात देत नाही."

करबल्याची गोष्ट आम्हा सगळ्यांना त्यांच्याकडून पाठ झालेली. पैगंबरांच्या मुलीचा मुलगा हुसेन, बरोबर बायकामुलं, मूठभर सोबती. समोर यजीदची फौज. पलीकडे नदी वाहतेय आणि नदीवर पहारा. तीन दिवस थेंब मिळू दिला नाही, आणि मग एकेकाला कापून काढलं. गोष्ट सांगताना 'नदी' हा शब्द आला की चाचा थांबायचे आणि जो जवळ असेल त्याला शिवी घालायचे. बहुतेक वेळा जवळ मी असे.

सबिलीचा कायदा एकच होता. पिणाऱ्याला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, 'आणखी हवं का' एवढंसुद्धा नाही. पेला रिकामा झाला की भरायचा, त्याने हात आडवा धरला की थांबायचं. शिवी चालते, प्रश्न चालत नाही. "शिवी ऐकून माणूस पाणी पितो," चाचा म्हणायचे. "प्रश्न ऐकला की घोट अडकतो."

आता माझा पराक्रम ऐका.

ते वर्ष द्विभाषिकाचं. मुंबईसकट महाराष्ट्र आणि गुजरात एकाच राज्यात कोंबायचे असं दिल्लीने ठरवलं आणि गिरणगावाचं डोकं फिरलं. आदल्या हिवाळ्यात गोळीबारात शेजारच्या चाळीतला एक जण गेला होता, त्याची बायको अजून कुणाशी बोलत नव्हती. मी तेविशीतला बदली कामगार, गिरणीत काम कमी आणि अंगात राग जास्त. चाचाही पेटलेले. 'झालाच पाहिजे' म्हणायला मोर्चात त्यांना पुढे ठेवत, कारण मग कर्ण्याची गरज उरत नसे. पाठीवर लाठीचा वळ घेऊन आले होते आणि तो वळ सदरा वर करून सगळ्या चाळीला दाखवला होता.

मोहरमची आठवी, शुक्रवार. चाचा दुपारच्या नमाजाला निघाले. मला म्हणाले, "तासभर बस. हात धू. आणि तोंड बंद."

मी बसलो. चार दोस्त जमले. तेवढ्यात एक गुजराती गुमास्ता आला. काळी टोपी, धोतर घोट्यापर्यंत भिजलेलं, काखेत कापडाच्या नमुन्यांचं बाड. पावसाने उघडीप दिलेली, उकाडा असा की अंगातून वाफ निघावी. तो थांबला, बाड सावरलं आणि हात पुढे केला.

मी पेला भरला. त्याच्या बोटांपर्यंत नेला आणि मागे घेतला.

"आधी बोल. मुंबई कुणाची?"

तो पेल्याकडे बघत होता. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, दोस्तांना ऐकू जाईल असं. त्याचा हात हळूहळू खाली गेला. तेव्हा मी ते पाणी त्याच्या चपलांपुढे ओतलं. तो गेला. दोस्तांनी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, द्विभाषिक मोडलं.

चाचा परत आल्यावर मी छाती फुगवून सांगितलं. आणि खोड कुठे जाते? एकाचे पाच केले. "पाच गुजराती परत पाठवले, चाचा! एकालाही थेंब दिला नाही."

मला वाटलं, खूश होऊन ओरडतील. लगेच रागावून ओरडले असते तरी बरं झालं असतं. त्यांनी आधी माठांकडे बघितलं, मग ओल्या जमिनीकडे. मग तांबडं फडकं ओढून काढलं. आणि मग ओरडले.

"माझ्या माठावर? पाणी अडवलंस? हुसेनच्या नावाने मांडलेलं पाणी? हरामखोरा, यजीदला फौज लागली होती. तू एकटा पुरलास!"

अख्खी चाळ कठड्यावर आली. मी म्हटलं, "चाचा, पण तुम्हीच मोर्चात..."

"मोर्चात मी उद्याही येईन! मुंबई मागेन, लाठी खाईन. त्याचा पाण्याशी काय संबंध?" मग गर्दीकडे वळून, "सबील बंद. जिथे विचारून पाणी देतात ती चौकी. चौकी मला चालवायची नाही."

एक सुरई भरून त्यांनी खांद्याला लावली, पेला खिशात कोंबला आणि माझं मनगट धरलं. "तोंडं तू बघितलीस. पाचही जण शोधायचे. चल."

गिरणीच्या दरवाज्यावर भय्याने सांगितलं, नमुने न्यायला कापड बाजारातला एक गुमास्ता आला होता. "हा एक झाला," चाचा म्हणाले. "बाकीचे चार कसे होते?" आता काय सांगू! मी एकाला उंच केला, एकाला चकणा केला, एकाला लंगडत पाठवला. चौथ्याला दाढी दिली. भायखळ्यापर्यंत चाचा रस्त्यातल्या प्रत्येक चकण्या माणसाला थांबवून मला विचारत होते, "हाच काय रे?" एक चकणा तर पोलीस निघाला.

भायखळ्यापासून पुढे दर शंभर पावलांवर सबील. आणि प्रत्येक सबिलीवर चाचा मला पुढे ढकलायचे. "याला पाजा." कुणी विचारलं नाही हा कोण, कपाळाला गंध कसं, संगतीचा म्हातारा का चिडलाय. इराणी बेकरीवाल्याने दिलं, मद्रासकडच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने दिलं, एका पठाणाने तर माझी मान धरून पाजलं. गोदीतल्या बंगाली खलाशांनी गुलाबाचं सरबत दिलं. नऊ पेले झाले. पोट पखालीसारखं डुबुक डुबुक वाजायला लागलं आणि दुसरीही एक अडचण उभी राहिली, ती तुम्ही समजून घ्या.

दहावा पेला भेंडीबाजारात एका सिद्दीने पुढे केला. काळाभोर, उंच, डोळे रडून लाल. तो मोडक्या हिंदीत सांगत होता की हुसेनबरोबर शेवटपर्यंत लढून मेले त्यांत एक हबशीही होता, आमच्यातला. बाजूचा इराणी म्हणाला, हुसेनची बायको आमच्याकडची, ते आमचे जावई. मी पेला हातात घेतला आणि तो मला पिववेना.

"चाचा," मी म्हटलं, "एकच होता. बाकीचे चार मी बनवले."

थप्पड अशी बसली की ट्राम थांबली असती. सिद्दीने चाचांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अर्धा सांडलेला पेला पुन्हा काठोकाठ भरून दिला. विचारलं काही नाही.

मीही चिडलो. दुपारपासून फरफटत होतो. "मारा! पण एक सांगा. हबशी म्हणतो आमचा होता, इराणी म्हणतो जावई. तुमचं कोण होतं तिथे? अरबाचं घर, अरबाची भांडणं. दाभोळच्या माणसाला काय त्याचं?"

चाचा इतके संतापले की त्यांचा आवाजच बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं ऐकायला मला जवळ वाकावं लागलं.

"अरबाचं घर? आणि नदीवर पहारा कुणाचा होता? अरबांचाच! हुसेनच्याच भाषेत बोलणारे, त्याच्याच आजोबांचा कलमा पढणारे. पैगंबरांनी एवढं केलं, मजुरी मागितली नाही. मला काही नको म्हणाले, माझ्या घरच्यांवर माया ठेवा. पन्नास वर्षंही झाली नव्हती, आणि आपल्याच माणसांनी त्या घरातल्या पोरांना पाणी दिलं नाही. म्हणून मुसलमान शिया असो, सुन्नी असो, जावाचा असो नाहीतर दाभोळचा, नमाजात पैगंबरांना सलाम करतो तेव्हा त्या घराला सोडत नाही. विचारतोस आमचं कोण होतं तिथे? कुणी नव्हतं! तोच तर जाळ आहे. खाडीवरचा एक मचवा असता, दाभोळची चार माणसं असती, तर आम्ही नदीतून पाणी नेलं असतं रे. आम्ही नव्हतो. तेराशे वर्षं उशिरा पेला घेऊन रस्त्यात उभे आहोत. आणि तू तो ओतलास."

मी ते दहावं पाणी प्यायलो. कसं, ते सांगत नाही.

कापड बाजार बंद होता. एका हमालाने गुमास्त्याचा पत्ता दिला, गिरगावातल्या एका चाळीचा. दिवेलागणीला तिथे पोचलो. त्या दिवसांत दोन गिरणीवाले गुजराती माणसाचं घर विचारत गल्लीत शिरले तर लोकांनी काय समजायचं? आम्ही जिना चढेपर्यंत दारं धडाधड लागली. त्यात चाचांचा आवाज नेमका परत आला.

"उघड! उघड दार! पाणी पी!"

आतून पोर रडायला लागलं. कुणीतरी कडीला आणखी काहीतरी अडकवलं. चाचा दारावर मूठ आपटत होते, सुरई हिंदकळत होती आणि ते रडत होते, पण रडणंही असं की खालचं दुकान बंद झालं. शेवटी मी त्यांना बाजूला केलं. खिडकीच्या गजांपाशी गेलो. पेला भरून गजांतून आत धरला आणि उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

खिडकीची फळी बोटभर उघडली. तोच चेहरा.

"मुंबई कोणाची, ते परत विचारणार काय?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चुकलो."

त्याने पेला घेतला. पिताना नजर माझ्या तोंडावरून हलवली नाही. पेला परत दिला आणि फळी लावली. बस्स. दार काही उघडलं नाही. का उघडावं?

परत येताना भायखळ्याच्या पुलावर मी विचारलं, "चाचा, आता झालं ना? माफ?"

"त्याने केलं असेल. मी कोण करणारा? सबील माझी नव्हती, हुसेनची होती."

पुढे दोन दिवस सुरई खांद्यावर घेऊन ते रस्तोरस्ती फिरले, पण गल्लीच्या तोंडाशी माठ मांडला नाही. दिवाळीच्या सुमारास नोकरी सोडून दाभोळला गेले. निघताना घडवंची माझ्या दारात आणून आपटली. "लाकूड आहे. जाळ नाहीतर मांड."

पुढच्या मृगाच्या आधी गावाहून निरोप आला, चाचा गेले. तीन वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला तो बघायला ते नव्हते. आम्ही पेढे वाटले, नाचलो. त्या गर्दीतही एक जण पेढा हातात धरून समोरच्याला म्हणत होता, "आधी घोषणा दे!" माझ्या हातून त्याची कॉलर फाटली. लोक म्हणाले, याला आनंदाच्या दिवशी काय झालं.

पण त्या कॉलरवाल्यापेक्षा मला राग दुसऱ्याच एका माणसाचा आहे. चाचा गेले त्या वर्षीच्या मोहरमला मी घडवंची मांडली होती. सहा माठ आणले, आईने फडकं भिजवून दिलं. शेजाऱ्यांनी टिंगल केली, मी सबंध चाळीला ऐकू जातील अशा शिव्या घातल्या. पहिलाच माणूस आला, एक हमाल. ओझं उतरवून उभा राहिला, घामाने निथळत. मी पेला भरला. मनात दुसरं काही नव्हतं, त्याला पाणी द्यायचं एवढंच होतं. आणि आपण सगळे म्हणतो तसं, सवयीने, अगदी मायेने, माझ्या तोंडून निघून गेलं:

"कुठले हो तुम्ही?"

बिचारा सांगायला लागला. गाव, तालुका, जिल्हा. नीट, एकेक करून सांगत होता. आणि पेला माझ्याच हातात.